करवंटीखालच्या कवड्या

देवबाग, ता. मालवण
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वर्षाली हिस कावेरीताईचे आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नको. इथे कोणी आजारी नाही, कोणी मेलं नाही. तुझ्या वडलांचा गुडघा कसा आहे ते कळव. जाताना तू सगळ्यांना गुडघ्याचंच सांगितलंस, मीपण मान हलवली.

तू फोन उचलत नाहीस. फोनवरच बोलून पाठवलं असतं, पण ते तू लावलंस की तुझ्या माहेरची सगळी ऐकणार, आणि इथे मी बोलले की आख्खी वाडी ऐकते. माझा आवाज तुला माहीत आहे. म्हणून लिहिते. चौथीत पाटी सुटली, त्यानंतर एवढं कधी लिहिलं नाही. चंदन उद्या नारळांचा टेम्पो घेऊन राजापूरला चाललाय, वाटेत खारेपाटणला तुझ्या हातात देईल. दुसऱ्या कोणाकडे देऊ नको म्हणून सांगितलंय.

इकडचं म्हणशील तर श्रावण लागल्यापासून माशांची टोपली पालथीच आहे. बंदी उठली तरी गिऱ्हाईक वांगी-दोडकी खातंय. तुझ्या नवऱ्याचा, म्हणजे आमच्या बाळाचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. रापणीचं जाळं ओढताना निखळला तो निखळलाच. आई रोज तेल चोळते आणि रोज त्याला शिव्या घालते, दोन्ही एकाच वेळी. होडीचं म्हणशील तर वेंगुर्ल्याचा दाजी विकत घ्यायची म्हणून बघून गेला. टिचक्या मारमारून बघितली, जशी काय फणसाची परीक्षा. गुरुवारी माणसं घेऊन येतो आणि नेतो म्हणाला, नारळी पौर्णिमेच्या आधी त्याला ती पाण्यात हवी. बाळा सारखा होडीच्या खोपीत जातो, ताडपत्री वर करतो, बघतो, परत घालतो. मी विचारलं, "काय बघतंस रे?" तर म्हणाला, "उंदीर शिरले काय बघतंय." उंदीर!

आता खेळाचं सांगते.

तू गेल्यावर मी खेळ बंदच केला होता. चारुता कुंपणावरून विचारायची, "मास्तरीणबाय, गजालीचो खेळ कधी?" मी म्हणायचे, तुला घरात काम नाही काय. पण काल दुपारी परत बसलो. आई, चारुता आणि मी. तुझ्या जागेवर कोणी बसलं नाही. चहा मात्र मी सवयीने चौघींचा ओतला.

तुला खोटं वाटेल, पण काल मी बरं खेळवलं. पहिल्यांदाच.

जूनमध्ये सुट्टीवर आलेली गौरजा आपल्याला हा खेळ, प्रत्येकीने गोष्टीतलं एक माणूस व्हायचं आणि जमलं की फसलं ते कवड्या टाकून बघायचं, शिकवून पुण्याला परत गेली आणि जाताना मला गेममास्तर करून गेली. का केलं तिलाच ठाऊक. कदाचित माझा आवाज मोठा म्हणून. तिने मला सांगितलं होतं, "मावशी, गेममास्तराने समोर काय दिसतंय ते सांगायचं. मग विचारायचं, तू काय करतेस? आणि मग तोंड बंद ठेवायचं." पहिलं मला यायचं. दुसरं अर्धं यायचं. तिसरं माझ्या बापजन्मात कोणी केलेलं नाही.

तुला आठवतं ना खेळातलं चारुताचं भूत, तो देवचार? वडाखाली तो तिच्या आडवा आला, आणि ही म्हणे त्याला विडी देते, त्याच्या बायकोची विचारपूस करते. मी थोडा वेळ ऐकलं आणि म्हटलं, "पुरे झाला. तू घाबरलंस आणि पळालंस." ती म्हणाली, "मी खंय पळालंय? माका पळूचाच नाय! माझे पाय, आणि धावतंस तू?" तुम्ही किती हसलात. मला हसू आलं नाही. मला वाटलं, मी गोष्ट सांगते आहे आणि ह्या बायका मध्ये मध्ये येतात. बाजारात गिऱ्हाईक मासा उलटून बघायला लागलं की मी कशी वस्सकन अंगावर जाते, तशीच खेळात जायचे. तुम्ही काही करायच्या आधीच मी सांगून मोकळी, काय झालं ते.

आणि गौरजाने दुसरं एक सांगितलेलं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी खेळाच्या आधी उभी राहून गाऱ्हाणं घालायचे ना, ते तिला फोनवर ऐकवलं होतं, मोठ्या फुशारकीने. "बा देवा म्हाराजा, ह्यो बायको खेळाक बसल्यो हत, तेंका वाट दाखव, कोण खोटा वागला तर तेचो हात धर रे म्हाराजा!" आणि तुम्ही सगळ्या, "व्हय म्हाराजा!" मला ते फार आवडायचं. पण गौरजा म्हणाली, "मावशी, हे नको. देवाचं नाव घेऊन बसलात तर पुढे तू जे बोलशील ते खेळातलं आहे हे कोणाला वाटणार नाही. कौल मिळाल्यासारखं वाटेल." मी म्हटलं, चार बुकं शिकलीस म्हणून मला अक्कल शिकवू नको. फोन ठेवला.

काल गाऱ्हाणं घातलं नाही. तोंड बंद राहावं म्हणून एक सुपारी गालात धरली, ती चावायची नाही असं ठरवून. आणि कवड्या करवंटीत हलवून ती पालथी घातली की मी एकटीने वाकून बघायचं, ते बंद केलं. करवंटी सगळ्यांसमोर उचलली.

हे सगळं मी तुला का सांगते असं तुला वाटेल. मी पण लिहिताना तेच म्हणते आहे, की कावेरी, तू गोल गोल फिरते आहेस.

आईने खेळात काय माणूस घेतलं होतं आठवतं ना? मी तलवारवाली घेतली, चारुताने जादूवाली, तू होडी चालवणारी तांडेलीण, आई म्हणाली मी यमुनाबाईच, मासे इकतंय. गौरजा म्हणाली, आजी, काहीतरी वेगळं असू दे. आई विचार करून बोळक्या तोंडाने म्हणाली, "बरा. दात सगळे आसत."

तर काल मी सांगितलं, की खेळात तुझी होडी बुडाली होती तिथे, खाडीच्या तोंडावर, ओहोटी लागली आहे. पाण्यात फळ्या दिसतात. काठावर तो वडाखालचा देवचार बसला आहे. आणि मग विचारलं, "आये, तू काय करतंस?" आणि गप्प बसले. वर्षाली, आई कपाची कड बोटाने पुसत बसली. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या ते ऐकू येत होतं. मला इतक्यांदा वाटलं की सांगून टाकावं, तू रडलीस आणि घरी गेलीस. सुपारी जिभेने इकडून तिकडे केली आणि गप्प राहिले.

मग आई देवचाराला म्हणाली, "माझ्या सुनेची होडी वर काढ."

मी देवचाराच्या आवाजात विचारलं, "माका काय देशील?"

आई म्हणाली, "माझ्याकडे काय आसा रे? दात आसत. घे सगळे."

चारुताने पदर डोळ्याला लावला. मी करवंटी हलवली, पालथी घातली, सगळ्यांसमोर उचलली. दोन उघड्या, तीन पालथ्या. तीन तरी उघड्या हव्या होत्या. फसलं. मी पडलं तसं सांगितलं, "नाय इली वर. दात गेले आणि होडीपण नाय इली." मला वाटलं आई रागावेल. ती शांतपणे म्हणाली, "नाय तर नाय. खरा पडला ना? मगे बरा." चहा प्यायली, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आज करवंटी उघडी कशाक गो?"

मी म्हटलं, गौरजाने सांगितलं तसं.

"मगे तेदवा वर्षालीक काय पडलेला?"

चारुता आईच्या तोंडाकडे बघायला लागली आणि मग शहाण्यासारखी उठून घरी गेली. मी सुपारी थुंकली. आईला सांगायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला. "माका नको सांगू. जिका सांगूचा तिका सांग."

म्हणून हे पत्र. आता सांगते.

त्या दिवशी, तुझा शेवटचा खेळ. तुझी तांडेलीण होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी आली, मागे चाचे, पुढे फुटणाऱ्या लाटा. ती होडी मी बुडवायचं ठरवलं होतं. आधीपासून. बाजारात टोपलीपुढे बसून दोन दिवस मी ते जुळवत होते, होडी कशी फुटणार, तुम्ही पोहत बेटावर कशा लागणार, बेटावर काय असणार. मला ते फार सुंदर वाटत होतं. आणि तू उठून गुडघ्यांवर बसलीस, जशी काय तुझ्या हातात सुकाणूच आहे, आणि म्हणालीस, "शीड उतरवा. नाळेचा टोक लाटेक लावा. कोणी उभ्या रवा नको. ही मोठी लाट जाऊंदे. गेली? आता तिच्या पाठीवरसून भायर काढतंय." तुझा आवाजच वेगळा होता. आई मांडीवर थाप मारून म्हणाली, "काढलान गो, काढलान!" अजून कवड्या पडल्यासुद्धा नव्हत्या.

मी करवंटी पालथी घातली. कड जराशी वर करून आत बघितलं.

चार उघड्या होत्या, वर्षाली. पाचातल्या चार. एवढ्या चांगल्या कवड्या त्या महिन्यात कोणाला पडल्या नव्हत्या.

मी करवंटी तशीच दाबून ओढली, कवड्या मुठीत घेतल्या आणि म्हटलं, "सगळ्यो पालथ्यो. बुडाली."

तू विचारलंस, "सगळ्यो?"

मी म्हटलं, "सगळ्यो."

"बरा," म्हणालीस. बसलीस. मग उठून सगळ्यांचे कप धुतलेस. बेटावर काय होतं ते मी सांगत राहिले, तू पाठमोरी होतीस. कोणाला हात धरायला सांगितलं होतं मी गाऱ्हाण्यात? माझा तर कोणी धरला नाही.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. खेळवणारी नवी, तिने स्वतःची गोष्ट वाचवायला कवड्या लपवल्या, एवढंच राहिलं असतं. गौरजा म्हणते असं खूपजण करतात, पहिल्या पहिल्यांदा, आणि मग शिकतात. मी तिला अर्धंच सांगितलं, तिने मला अर्ध्याची माफी दिली. ती माफी घेऊन मी काही दिवस हिंडले पण.

पुढचं तिला माहीत नाही. त्या खेळाच्या दोन दिवस आधी मी मागच्या पडवीत सुके बांगडे निवडत होते. तू आणि बाळा स्वयंपाकघरात. तू म्हणालीस, "होडी इकू नको. तुझो खांदो बरो होयसर मी चालवतंय. लायसनाचा मी बघतंय. माका येता, तुका ठावक आसा." बाळा म्हणाला, "नारळी पौर्णिमेक नारळ तू सोड. सुकाणूर तूच बस. लोक काय बोलतले ते बोलांदेत."

हे मी ऐकलं होतं. ऐकून माझ्या मनात काय आलं ते मी आजपर्यंत स्वतःलासुद्धा सांगितलं नाही. तुझ्या वडलांनी तुला खारेपाटणच्या खाडीत लहानपणीच वल्हं हातात दिलं. आणि खोपीतली ही माझ्या वडलांची तीच होडी, वर्षाली. तीच, फळ्या बदलल्या एवढंच. मी नवव्या-दहाव्या वर्षी तिच्यात चढून बसले होते तर दंडाला धरून वाळूत उतरवली. बाईने टोपली धरायची. मी धरली. इतकी वर्षं धरली, बाजारात कोणाला बोलू दिलं नाही, सगळी म्हणतात कावेरी म्हणजे कावेरी. आणि तू आठ वर्षांपूर्वी या घरात आलीस, नुसतं मागितलंस, आणि बाळा हो म्हणाला. माझा भाऊ. मला कधी विचारलं नाही त्याने, की ताई, तू बसतेस काय.

म्हणून मी तुझी होडी बुडवली. बेट वगैरे नंतरचं.

आणि तू ते कौलासारखं घेतलंस. घेणारच. मीच उभी राहून देवाला बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू बाळाला म्हणालीस, "इका होडी. माका जमाचा नाय." तो बिचारा म्हणाला, "अगो, त्या दिवशी होय म्हणालंस, आणि आज नाय?" तू म्हणालीस, "समुद्राक मी नको आसा." बाळाने माझ्याकडे बघितलं, की ताई, हिला काय झालं. मी भाकरी थापत होते. मी म्हटलं, "तिचा तिका ठावक." असं म्हटलं मी. भाकरी उलटली आणि असं म्हटलं.

वर्षाली, मला शरम वाटते. हा शब्द मी आयुष्यात दुसऱ्यांना लावला, की तुका लाज नाय, शरम नाय. स्वतःला लावताना तो वेगळाच लागतो. रात्री झोप येते, भूक लागते, सगळं नीट चालतं, पण पाण्याला गेले आणि खोपीवरून जावं लागलं की मी मान वळवते. त्या होडीकडे माझ्याने बघवत नाही. बाळा उंदीर बघतो म्हणतो, मी म्हणते चांगलं आहे. त्याने उंदीर बघावेत. घरातला मोठा उंदीर त्याला दिसलेला नाही.

बाळाला मी अजून सांगितलेलं नाही. एक कारण हे की मला भीती वाटते. तो ओरडला तर सोसेन, पण तो ओरडत नाही, तो नुसता बघतो. दुसरं कारण असं, की मी सांगितलं तर तो आत्ताच दाजीला फोन करेल, नको येऊ म्हणून. मग तू आलीस तरी होडी राहिली ती कोणामुळे? माझ्यामुळे. म्हणजे बुडवली मी आणि वर काढली पण मीच. तुझे पाय आणि धावते मी. ते मला आता करायचं नाही. बाळाला सांगायचं तर तू असताना सांगेन, तुझ्यासमोर. नाहीतर हे पत्रच त्याला दाखव. तू म्हणशील तसं.

करवंटी मी काल चुलीत घातली. कवड्या सोबत पाठवते, चिंधीत बांधल्या आहेत. त्या टाकून काही ठरवायला बसू नको, म्हणूनच पाठवते. भाच्यांना खेळायला दे, नाहीतर खाडीत टाक. त्या चांगल्या पडल्या होत्या, त्यांचा काही दोष नाही.

माफ कर असं लिहायचं होतं. तीनदा लिहिलं आणि खोडलं, कारण ते लिहिलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि तू चांगली आहेस, तू "असू दे ताई" म्हणशील. असू दे म्हणू नको. तुझ्या मनात येईल ते म्हण.

आता एकच राहिलं. गौरजाने शिकवलं ते मला जमतं काय बघायचं आहे. मला दुसरं काही द्यायला येत नाही.

तर ऐक. सोमवारची दुपार आहे. तू खारेपाटणला वडलांच्या दारात उभी आहेस, हातात पत्र. चंदनचा टेम्पो राजापूरच्या बाजूला निघून गेला आहे. हायवेवर कसालपर्यंत गाडी मिळते, तिथे उतरून मालवणची धरावी लागते. इकडे देवबागला वारा पडला आहे. खोपीत होडी आहे, ताडपत्रीखाली, नाळेचं टोक समुद्राकडे. तिच्याजवळ एक माणूस आहे, त्याचा एक हात वर जात नाही, तो कोणाची तरी वाट बघतो आणि विचारलं तर उंदीर म्हणतो. गुरुवारी दाजी येणार. शुक्रवारी पौर्णिमा. घरात एक म्हातारी आहे, तिने तुझ्यासाठी सगळे दात दिले आणि तिला ते परत नको आहेत. पडवीत एक बाई आहे. तिच्याबद्दल तुला काय वाटायचं ते वाटू दे. ती वाटेतून बाजूला झाली आहे.

चार कवड्या उघड्या पडल्या होत्या. हे खरं आहे.

वर्षाली, तू काय करतंस?

गालात सुपारी धरून गप्प बसलेली,
कावेरी